लाल टॅगवाले गायकर

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी आवक रजिस्टरमध्ये माझ्यासमोर तीन नोंदी होत्या: स्क्रूची दोन खोकी, पॅकिंगच्या कागदाची गुंडाळी आणि एक गुडघा.

खोकी आणि कागद स्टोअरला पाठवले. गुडघा टेबलावर ठेवला. हॉस्पिटलने तो धुऊन, निर्जंतुक करून, प्लास्टिकच्या बरणीत घालून पाठवला होता. सोबत आमच्याच कंपनीचा माल परत करण्याचा फॉर्म होता आणि तो पेशंटने स्वतः, जिवंत असताना, भरून ठेवला होता. पार्टचं नाव: गुडघा, डावा. कोणाकडून: ज. ग. गायकर. परतीचं कारण: वापर पूर्ण. तारखेची जागा तेवढी त्यांना भरता आली नव्हती. ती गायकरवहिनींनी भरली होती.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बनवतो त्या कृत्रिम गुडघ्यात बॅटरी असते आणि बॅटरी चितेवर फुटते. म्हणून अंत्यसंस्काराआधी तो भाग काढून घ्यावा लागतो. माहितीपत्रकात ही सूचना सतराव्या पानावर आहे. ती गायकरांनीच घालायला लावली होती, आमच्या इंजिनियर लोकांच्या डोक्यात ती आलीच नव्हती. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले होते, "स्मशानात लोकांना रडायचं असतं. त्यात फटाके नकोत."

मी कारखान्यात कागदपत्रं सांभाळते. कोणता पीस कधी बनला, कोणी तपासला, कुठे गेला, याच्या याद्या करणं हे माझं काम आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही. गायकर तपासणी विभागाचे प्रमुख. एकोणीस वर्षं आमची टेबलं एकाच खोलीत, काटकोनात होती. त्यांनी पास केलेल्या मालाची यादी माझ्याकडे आणि नापास केलेल्या मालाचा ढीग त्यांच्याकडे. ढीग मोठा असे.

जनार्दन गायकर मोरिवलीचे. आमचं कँटीन आहे तिथे पूर्वी त्यांच्या चुलत्यांचं भाताचं खाचर होतं. कँटीनचा भात गिचका निघाला की ते पहिला घास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "या जागेवर असला भात कधी झाला नव्हता." बुटके, रुंद खांद्यांचे, पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले. शर्टाच्या खिशात लाल टॅगांचा जुडगा. आमच्याकडे तीन रंगांचे टॅग चालतात: पास मालाला हिरवा, अडवून ठेवलेल्याला पिवळा, नापास मालाला लाल. हिरवे आणि पिवळे गायकरांच्या ड्रॉवरमध्ये असत आणि ते मागावे लागत. लाल हाताशी असत.

आणि ते मालापुरते नसत. कँटीनच्या समोशाला त्यांनी टॅग बांधलेला मी पाहिला आहे, कारण: बटाटा अनुपस्थित. किशनशेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नवी गाडी घेतली तेव्हा सगळे पेढे खात गाडीभोवती उभे होते. गायकर खाली वाकले, दरवाजाच्या फटीत फट मोजायची गेजची पट्टी घातली, वर एक आकडा, खाली दुसरा, आणि दरवाजाच्या मुठीला लाल टॅग लटकवून कामाला निघून गेले. किशनशेठ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी शोरूमला नेऊन दरवाजा बदलून आणला.

एकदा बाहेरचे एक ऑडिटर आले होते. तपासणी खोलीत त्यांनी ट्रेमधला एक चकचकीत तयार पीस कौतुकाने उचलला. उघड्या हाताने. आमच्याकडे हातमोज्याशिवाय तयार मालाला हात लावायचा नाही, हे भिंतीवर तीन भाषांत लिहिलेलं आहे. मॅनेजर छताकडे बघू लागले. गायकरांनी अदबीने तो पीस ऑडिटरच्या हातातून घेतला, टॅग बांधला आणि कारण मोठ्याने उच्चारत लिहिलं: ऑडिटरचा अंगठा. मला वाटलं, आता आपल्या सर्टिफिकेटाचं काही खरं नाही. त्या माणसाने अहवालात तपासणी विभागापुढे एकही शेरा मारला नाही. निघताना हातमोजे मात्र मागून घेतले आणि गेटपर्यंत घालून गेला.

"दिसतंय बरं. मोजलंय का?" हे त्यांचं रोजचं वाक्य. मी तापाने फणफणून आले तरी हेच. आणि आकड्यावर कोणी शंका घेतली, मशीन चुकलं असेल म्हणालं, की दुसरं वाक्य: "यंत्र खोटं बोलत नाय. माणूस बोलतो आणि यंत्राच्या नावावर खपवतो." हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलगी निकिता लग्नाची झाली तेव्हा या गृहस्थांनी तीन स्थळं नापास केली. एकाला हस्तांदोलन सैल म्हणून, एकाला चहात बिस्किट बुडवताना अंदाज चुकला म्हणून. तिसऱ्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण तो शेजारच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. चौथा मुलगा बदलापूरचा, बँकेतला. तो कसा वाटला, असं विचारल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला, पिवळा टॅग काढून मला दाखवला आणि परत ठेवला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, निकिताचं जमलं.

आता गुडघ्याकडे येते.

किशनशेठच्या वडिलांनी उल्हासनगरात खुर्च्यांचे पाय बनवून धंदा सुरू केला. किशनशेठ माणसांच्या पायांपर्यंत आले. पस्तीसेक वर्षं आम्ही कृत्रिम सांध्यांचे साधे भाग बनवत होतो. मग शेठ कुठलंसं प्रदर्शन बघून आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. म्हणाले, साईं, आता गुडघा बोलणार.

कल्पना अशी. गुडघा बदलताना नडगीच्या हाडात धातूची एक खुंटी बसवतात. त्या खुंटीच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी टायटॅनियमची डबी ठेवायची. डबीत सेन्सर, बॅटरी आणि बारीकशी अँटेना. माणूस किती पावलं चालला, गुडघा किती वाकला, त्यावर किती वजन पडलं, हे सगळं ती टिपून ठेवणार. बिछान्याशेजारी एक छोटा डबा असणार. माणूस आडवा झाला की आतली डबी बाहेरच्या डब्याला दिवसभराचा हिशोब देणार, तारेशिवाय, आणि तिथून तो डॉक्टरकडे आणि आमच्याकडे येणार. पेशंट डॉक्टरांना सांगतात, रोज चालतो. आता गुडघा खरं काय ते सांगणार.

हे श्रद्धाने समजावलं. श्रद्धा म्हणजे या प्रकल्पाची इंजिनियर, सत्तावीस वर्षांची, हुशार, आणि गायकरांना न घाबरणारी कारखान्यातली एकमेव व्यक्ती. सगळं ऐकून गायकर म्हणाले, "म्हणजे माणसाच्या पायात चुगलखोर बसवायचा."

"सर, मोजलंय का, असं तुम्हीच विचारता ना?" श्रद्धा म्हणाली.

 मी त्या दिवशीच्या यादीत कोपऱ्यात बारीक टीप केली: गायकर गप्प.

डबीचं झाकण लेझरने वेल्ड केलेलं असतं. तिथून शरीरातला ओलावा आत जाता कामा नये. गेला तर आधी सेन्सर मरतो आणि पुढे बॅटरी पाझरून हाडाला त्रास देऊ शकते. म्हणून प्रत्येक डबीची गळती तपासतात. शिवाय श्रद्धाने आत ओल मोजणारा एक भाग ठेवला होता, म्हणजे काही झालंच तर आतूनच कळावं. पहिल्या लॉटचे चौदा पीस बनले. एकेकाची तपासणी गायकरांनी स्वतः केली. चौदाला चौदा हिरवे टॅग. एवढे हिरवे टॅग एका ट्रेमध्ये मी पहिल्यांदाच पाहत होते.

डिसेंबरअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते मोबाइलशी ताडून पाहिलं, दोन मिनिटं पुढे होतं, आणि बाकी तुम्ही समजून घ्या.

त्यांचे गुडघे निकामी झाले होते हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कोणी नव्हतं. सिमेंटच्या फरशीवर चौतीस वर्षं उभं राहून त्यांनी दुसऱ्यांचे गुडघे तपासले आणि स्वतःचा एकदाही कोणाला दाखवला नाही. डावा तर जिना चढताना करकरे. पण निकिताचं लग्न ठरलं मेमधलं. आणि मोरिवलीत हळद म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. लग्नाला यायचं राहिलं तरी चालतं, हळदीला आलंच पाहिजे. बँड, मांडव, सगळा गाव अंगणात, आणि नवरीचा बाप मधोमध नाचतो. गायकरांचा बाप त्यांच्या बहिणींच्या हळदीत नाचला होता, आजोबा नाचले होते. वहिनींनी मला सांगितलं, रोज संध्याकाळी दार लावून ते एक पाय उचलून बघतात आणि खाली ठेवतात.

जानेवारीत ते हॉस्पिटलात गेले आणि म्हणाले, तुमच्या चाचणीत पहिलं नाव माझं घाला. हॉस्पिटलच्या समितीला प्रश्न पडला. ज्याने माल तपासला तोच पेशंट कसा? त्यांना तीनदा विचारण्यात आलं की कंपनीने तुमच्यावर दबाव आणला आहे का. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "दबाव मी आणतोय. चौदा पीस मी पास केलेत. पहिला माझ्या पायात गेला नाय तर दुसऱ्याच्या पायात घालायला मला तोंड आहे का?" समितीने परवानगी दिली. मला वाटतं, दमून दिली.

ऑपरेशन उल्हासनगरात झालं, उत्तम झालं. निवृत्त माणूस घरी बसेल अशी आमची समजूत होती. ती चूक. महिन्याभरात काठी टेकत ते कारखान्यात हजर. दर सोमवारी सकाळी दहाला, कारण शुक्रवार आमची सुट्टी आणि शनिवार-रविवारपर्यंत आठवड्याचा अहवाल माझ्याकडे छापून तयार असे. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा आणि स्वतःच्या गुडघ्याचा अहवाल पेन्सिलीने तपासायचा. नियमाने तो पेशंटला दाखवायचा नव्हता. हा नियम त्यांना कोण सांगणार?

गुडघ्याने चुगली करायला पहिल्याच महिन्यात सुरुवात केली. डॉक्टरांनी दिवसाला ठरावीक चालायला सांगितलं होतं. गायकरांना कंटाळा. त्यांनी शोधून काढलं की खाटेच्या कडेला बसून क्रिकेट बघत पाय पुढे-मागे हलवला तरी डबी हालचाल मोजते. आठवडाभर पायाला असे झोके देऊन त्यांनी भरघोस आकडे जमवले. सोमवारी श्रद्धा आली, अहवाल बघितला आणि म्हणाली, "सर, पावलं बरीच आहेत. वजन कुठे आहे? हा नुसता झोका आहे." चालताना गुडघ्यावर अंगाचा भार येतो, बसून हलवताना येत नाही, आणि डबीला दोन्ही कळतं.

गायकरांनी अहवाल जवळ घेतला, लांब धरला. मग म्हणाले, चांगलं बनवलंय. तिला त्यांच्याकडून मिळालेलं एवढं एकच प्रमाणपत्र. त्यानंतर ते खरोखर चालायला लागले. घरातून कारखाना, कारखान्यातून घर. मार्चमध्ये काठी सुटली. बिछान्याशेजारच्या डब्यावर वहिनींनी क्रोशाचा रुमाल घातला होता आणि वर फुलदाणी. त्यातूनही सिग्नल येत होता.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी मात्र ते पावलांच्या रकान्याकडे बघत नव्हते. सर्वांत शेवटचा रकाना होता, ओल. तिथला आकडा पाच आठवडे थोडा थोडा वाढला होता. त्यांनी श्रद्धाला बोलावलं. ती म्हणाली, सर, ड्रिफ्ट असेल. म्हणजे नवा सेन्सर सुरुवातीला थोडा इकडेतिकडे सरकतो, मग स्थिर होतो. ती खोटं बोलत नव्हती, असं खरंच होतं. गायकरांनी पेन्सिलीने पाच आकड्यांवरून रेघ ओढली. रेघ स्थिर व्हायचं नाव घेत नव्हती.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुसऱ्या पेशंटचं ऑपरेशन होतं. चामटोलीच्या एक बाई, दोन वर्षं अंगणाच्या बाहेर न पडलेल्या. त्यांच्यासाठीचा पीस आणि उरलेले बारा पॅक होऊन स्टोअरला तयार होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ते न सांगता आले. पॅन्टवरून, डाव्या गुडघ्याखाली, लाल टॅग बांधलेला. सिक्युरिटीवाल्याने गेटवर अडवलं नाही. अडवणार कोणत्या नियमाने?

किशनशेठ माझ्याच टेबलाशी उभे होते. टॅग बघून हसले. मग वाचला आणि हसायचे थांबले. पार्ट: गुडघा, डावा. कारण: गळतीचा संशय. कारवाई: सगळा लॉट अडवा.

"साईं, श्रद्धा बोलली ना ड्रिफ्ट आहे," शेठ म्हणाले. "गुडघा तर एक नंबर चालतोय तुमचा. बिना काठीचे आलात. गुरुवारचा पेशंट आहे, हॉस्पिटलला जबान दिली आहे मी. आणि बुरा मत मानना, तुम्ही रिटायर आहात. तुमचा टॅग आता चालत नाय."

"मग पेशंट म्हणून बांधतो," गायकर म्हणाले. "तो तर चालतो?"

शेठ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, बाई, याला समजवा, हा लॉट नापास निघाला तर याचा गुडघा परत उघडावा लागेल, मेमध्ये पोरीची हळद आहे याच्या. मी म्हटलं, त्यांना मोजता येतं, शेठ. हा हिशोब त्यांनी येतानाच केलेला असणार.

गायकरांनी लॉटची फाइल मागितली. मी दिली. ते बोट फिरवत वाचू लागले. वेल्डिंग, तारीख, सही. धुलाई, तारीख, सही. गळती तपासणी, तारीख, त्यांचीच सही. त्यानंतर शेवटची धुलाई, पॅकिंग. कुठे काही चुकलेलं नव्हतं. त्यांनी फाइल मिटली आणि परत उघडली.

"बाई, पहिली धुलाई आणि तपासणी यांच्यात एक दिवस आहे. त्या दिवशी माल कुठं होता?"

फाइलमध्ये ते नव्हतं. पण माझ्या डायरीत माझ्या याद्या असतात. मी ऑक्टोबर काढला आणि त्या दिवसाची यादी वाचून दाखवली. झेंडू, नारळ दोन, पेढे, ओलं कुंकू, नवे पीस पूजेला, चौदा.

दसरा होता.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा होते, सगळ्याच कारखान्यांत होते. त्या वर्षी नव्या प्रकल्पाचा पहिला माल म्हणून किशनशेठनी चौदा डब्या स्टीलच्या ताटात मांडायला लावल्या होत्या. आणि ज्या माणसाने ऑडिटरचा अंगठा नापास केला होता त्याने स्वतः, नवे हातमोजे घालून, प्रत्येक डबीच्या झाकणाच्या कडेला ओल्या कुंकवाचा एकेक टिळा लावला होता. हातमोजे घालून. मी समोर उभी होते, मी पेढे मोजत होते. आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट, कसे नियम पाळतात बघा, असं मी मनात म्हटल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी टिळे स्पिरिटने पुसले आणि माल तपासणीला गेला. वरचं पुसलं गेलं. पण एखाद्या वेल्डला सुईच्या टोकाहून बारीक भोक राहिलं असेल, तर त्यात गेलेलं कुंकू आत वाळून बसलं. भोक बुजलं, गळती दिसली नाही, हिरवा टॅग मिळाला. मग शेवटची धुलाई झाली आणि त्या पाण्याने भोक मोकळं केलं.

गायकरांनी डायरी स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "टिळा मी लावला."

श्रद्धा म्हणाली, सर, अजून काही सिद्ध झालेलं नाही. ते म्हणाले, मग मोजा. तेरा पॅकेट फोडायला किशनशेठची परवानगी लागत होती. शेठनी गायकरांच्या पायाकडे पाहिलं, टॅगकडे पाहिलं, मग श्रद्धाला म्हणाले, "फाड दो सब." संध्याकाळी साडेपाचपर्यंत तेराची तपासणी झाली. अकरा चांगल्या होत्या. दोन गळत होत्या, आणि त्यातली एक चामटोलीच्या बाईंसाठी काढून ठेवलेली.

गायकरांनी माझं पेन मागून घेतलं, पाय खुर्चीवर ठेवला आणि स्वतःच्या टॅगवर "संशय" खोडून "गळती" लिहिलं. खाली एक रकाना असतो, जबाबदार व्यक्ती. तो बहुतेक टॅगांवर रिकामा राहतो. तिथे त्यांनी पूर्ण नाव घातलं. जनार्दन गणपत गायकर. आडनावावरची शिरोरेघ ओढून मला म्हणाले, "आता फाइलला लावा. आणि दोरी कापा, मला वाकता येत नाय."

मी दोरी कापली.

मार्चअखेर त्यांचा गुडघा परत उघडला. डॉक्टरांचं आणि वहिनींचं म्हणणं होतं की आता साधा बसवा, डबीबिबी नको. गायकर ऑपरेशनच्या टेबलावर चढेपर्यंत भांडले. नापास पीसच्या बदल्यात त्याच ड्रॉइंगचा पीस मिळतो, दुसरा नाही, हा नियम आहे, असं त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऐकवलं. शेवटी नव्या लॉटमधला बसवला. चामटोलीच्या बाईंचा त्यानंतर दोन आठवड्यांनी बसला. त्या आता आठवडी बाजाराला चालत जातात. मी त्यांचा अहवाल दर आठवड्याला छापते, म्हणून माहीत आहे. जुन्या डबीत ओलीचा डाग होता. ती आमच्या रेकॉर्ड कपाटात आहे, लाल टॅगसकट. कामाच्या नियमावलीत मी एक कलम वाढवलं: पूजेचा माल तपासणीला घेऊ नये, तपासणीचा माल पूजेला घेऊ नये. मसुदा गायकरांनी तपासला. "फक्त मशीनला कुंकू, तेही बंद असताना," हे त्यांनी पेन्सिलीने घातलं.

मेमध्ये निकिताची हळद झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर घेऊन उभं राहा, चाला, पण नाचणं बंद म्हणजे बंद. मी दुपारी चारला पोचले. अंगणात मांडव, बँड जोरात, सगळी मोरिवली पिवळी झालेली. गायकर मधल्या खांबाजवळ खुर्चीत, नवा पांढरा सदरा, शेजारी वॉकर. त्यांचे भाऊ नाचत होते, भाचे नाचत होते, किशनशेठ नाचत होते, आणि ते बाजूला बसून सगळ्यांचे ठेके तपासत होते. एका भाच्याला त्यांनी हाताने थांबवून ठेका चुकतोय असं सांगितल्याचंही मी पाहिलं. डावा पाय खुर्चीतल्या खुर्चीत हलत होता.

बायका हळदीची वाटी घेऊन त्यांच्याकडे आल्या. त्यांनी गाल पुढे केला, हात पुढे केले. पण निकिताची मावशी गमतीने पायाकडे वळली, तसा त्यांनी दोन्ही हातांनी डावा गुडघा झाकला. "तिकडे नाय," म्हणाले. "तिकडे आता काय लावायचं नाय." मावशीला काही कळलं नाही. मला आणि किशनशेठना कळलं. शेठ तिकडे तोंड करून उभे होते, ते एकदम वळून बँडवाल्यांशी बोलायला गेले.

मला पाच वाजून पाचला जेवायला बसवलं. परत आले तेव्हा गायकर होते तसे खुर्चीत, फक्त घामेजलेले, आणि वॉकर मघाशी डाव्या हाताला होता तो आता उजव्या हाताला. मी विचारलं, साहेब, नाचला नाहीत ना? ते म्हणाले, डॉक्टर नाय म्हणालेत ना बाई. वहिनींनी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी दहाला ते वॉकर टेकत आले. त्यानंतरही दोन वर्षं ते येत राहिले, पण मला दिसतात ते त्या दिवशीचे. कपाळाच्या कडेला केसांत हळद राहिलेली, सदरा तोच. मी अहवाल छापून ठेवला होता आणि त्या दिवसाच्या आलेखावर खूण केली होती. दुपारी चारपासून पाचपर्यंत, नुसता झोका. सव्वापाचपासून पुढे, पुन्हा झोका. मध्ये, पाच वाजून सात ते पाच वाजून अकरा, चार मिनिटं, सरळ उभी चढलेली रेघ. पूर्ण वजन.

मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि खुणेवर बोट ठेवलं. ते वाचत बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच होता. एकोणीस वर्षं मी त्यांना कुठल्याही यंत्राला दोष देताना पाहिलं नव्हतं.

"ड्रिफ्ट असेल," ते म्हणाले.

आणि चहा न घेताच वॉकर उचलून निघाले. वॉकर टेकत नव्हे. उचलून.

त्या अहवालातला शेऱ्याचा रकाना मी तेव्हा रिकामा ठेवला होता. रिकामा रकाना मला सहन होत नाही, तरी ठेवला. गेल्या मार्चमध्ये बरणी कपाटात लावताना फाइल काढली आणि त्यांचे ते दोन शब्द, "ड्रिफ्ट असेल", शाईने लिहून टाकले. खाली हिरवा टॅग लावला. तो मला त्यांच्या जुन्या ड्रॉवरमध्ये मिळाला. कोणाकडे मागावा लागला नाही.